'गेट'चे अर्थ पाठ करू नका, त्याच्या पुढचा शब्द बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीच्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टला काम करणाऱ्या एक ताई विचारतात की इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाचे डिक्शनरीत पानभर अर्थ दिलेत, ते लक्षात ठेवायचे कसे? आणि दुसरं म्हणजे, परदेशी क्लायंट फोनवर वाक्यागणिक 'गेट' म्हणतात, पण यांची टीम लीड मेलमधलं प्रत्येक 'गेट' खोडून काढते. मग ऐकायचं कोणाचं?

मी ठाण्यात नौपाड्याला नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच. टीम लीडचा मुद्दा शेवटी घेते, कारण 'गेट' काय करतं ते कळल्याशिवाय ते खोडायचं की ठेवायचं हे ठरवता येणार नाही.

आधी उच्चार. दाराचं गेट आणि हे 'गेट' आपण एकसारखंच म्हणतो, कारण मराठीत 'ए' एकच आहे. इंग्रजीत क्रियापदातला 'ए' तोकडा, झटक्यात संपणारा असतो. दाराच्या गेटमधला लांबतो आणि शेवटी किंचित 'इ'कडे झुकतो. फोनवर समोरच्याला 'काय?' असं दोनदा विचारावं लागतं त्यातला थोडा दोष या 'ए'चा असतो.

आता अर्थ. पाठ करू नका, कारण तो पानभर मजकूर म्हणजे 'गेट'चे अर्थ नव्हेतच. 'गेट'च्या पुढे काय आलं त्याचे ते अर्थ आहेत. 'गेट' स्वतः फार थोडं सांगतं: आधी नव्हतं, आता झालं. काय झालं ते त्याच्या उजवीकडचा शब्द सांगतो. ठाण्याहून रबाळ्याला ऑफिसला जाणाऱ्या कोणाचीही पावसाळ्यातली सकाळ घ्या. मराठीत ती अशी सांगेल: 'उठायलाच उशीर झाला. रिक्षा मिळेना. स्टेशनला पोचले तर पहिल्या गाडीत चढताच आलं नाही. दुसरीत मात्र बसायला मिळालं. रबाळ्याला उतरले आणि भिजले. ऑफिसात लॅपटॉप चालेना, तो तपासून घेतला.' हेच इंग्रजीत: 'आय गॉट अप लेट. आय कुडन्ट गेट अ रिक्षा. व्हेन आय गॉट टु द स्टेशन, आय कुडन्ट गेट ऑन द फर्स्ट ट्रेन. आय गॉट टु सिट इन द सेकंड वन. आय गॉट ऑफ अॅट रबाळे अँड गॉट वेट. अॅट वर्क आय गॉट माय लॅपटॉप चेक्ड.' आठ वेळा 'गेट' आलं, आणि मराठीत तिथे उठणे, मिळणे, पोचणे, चढणे, उतरणे, भिजणे असं दरवेळी वेगळंच काहीतरी. 'गेट म्हणजे मिळणे' एवढंच शाळेतून घेऊन आलेल्याला यातली दोनच वाक्यं सुचतात. बाकीच्या ठिकाणी तो अवघड क्रियापदं शोधत बसतो.

उजवीकडे नाम असेल तर मिळणे, आणणे, विकत घेणे यांपैकी एक. इथे मराठी माणसाच्या दोन सवयी आड येतात. पहिली म्हणजे 'घेतला'चं सरळ 'टुक' करणं. 'आय टुक अ फ्लॅट इन घणसोली' असं म्हटलं की इंग्लंडमधल्या माणसाला तुम्ही भाड्याने राहायला गेलात असं वाटतं. तुम्ही तर डोक्यावर वीस वर्षांचं कर्ज घेऊन बसलेल्या असता. तिथे 'बॉट' किंवा 'गॉट'. साडी, मोबाइल, भाजी, सगळ्याला तेच.

दुसरी सवय जास्त चिवट आहे. मराठीत 'तिकीट काढायला गेले, पण मिळालं नाही' हे पूर्ण वाक्य आहे. काय मिळालं नाही ते पुन्हा सांगावं लागत नाही, क्रियापदाचा 'लं' सगळं सांभाळून घेतो. म्हणून आपण इंग्रजीतही 'आय वेंट फॉर द टिकेट बट आय डिडन्ट गेट' म्हणून थांबतो. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. 'डिडन्ट गेट इट' किंवा 'डिडन्ट गेट वन' म्हणायलाच हवं. ठरावीक एकच वस्तू असेल तर 'इट', त्या प्रकारची कुठलीही चालणार असेल तर 'वन'. रिक्षा मिळाली नाही तर 'वन', हरवलेलं पाकीट परत मिळालं नाही तर 'इट'. आणखी एक: 'इथे वडापाव चांगला मिळतो' या वाक्यात माणूसच नाही. इंग्रजीत 'गेट'ला माणूस लागतो, कोणी नसेल तर 'यू' उभा करायचा: 'यू गेट गुड वडापाव हिअर'. हा 'यू' म्हणजे समोरचा नव्हे, कोणीही.

आणण्याच्या अर्थाने 'गेट' आणि 'ब्रिंग' यांत फरक आहे. 'गेट' म्हणजे इथून जाऊन घेऊन ये, 'ब्रिंग' म्हणजे येताना घेऊन ये. बेल वाजली की घरातलं कोणीतरी 'आय विल गेट इट' म्हणतं, म्हणजे 'मी बघते'. हॉटेलात बिल आल्यावर 'आय विल गेट धिस' म्हटलं तर ते आपलं 'राहू द्या, मी देते'. परदेशी पाहुणा हे म्हणाला आणि तुम्ही नुसतंच 'ओके' म्हणालात तर तो खरंच देतो. आपल्यासारखी पाकीट ओढाओढ होत नाही.

उजवीकडे विशेषण आलं की 'गेट' म्हणजे होणे. मराठीत मनाच्या आणि शरीराच्या अवस्था माणसाकडे येतात: राग येतो, कंटाळा येतो, झोप येते, भूक लागते, भीती वाटते, उशीर होतो. इंग्रजीत माणूस स्वतःच त्या अवस्थेत जातो: गॉट अँग्री, गॉट बोअर्ड, गॉट स्लीपी, गॉट हंग्री, गॉट स्केअर्ड. 'मला'चं 'आय' झालं आणि येणे, लागणे, वाटणे या सगळ्यांच्या जागी एकटं 'गेट' बसलं. मराठी माणसाला 'गेट'चा सगळ्यात मोठा फायदा इथे होतो, कारण या एका साच्यात आपली रोजची निम्मी तक्रार बसते.

उशीर मात्र अपवाद आहे. 'मला उशीर होतोय'चं आपण 'आय अॅम गेटिंग लेट' करतो, देशभर करतो, आणि एकमेकांना ते कळतंही. बाहेरच्यांच्या इंग्रजीत उशीर होतो तो वेळेला: 'इट्स गेटिंग लेट', म्हणजे रात्र होत आली. माणसाला होत असेल तर 'आय अॅम रनिंग लेट'. क्लायंट कॉलवर हे दुसरं म्हणा.

आणि एक धोक्याचं. ऑफिसातून घरी जाताना 'फ्रेश होऊन कॉलवर येते' हे आपण सहज बोलतो. त्याचं 'आय विल गेट फ्रेश' करू नका. इंग्रजीत 'गेट फ्रेश विथ समवन' म्हणजे एखाद्याशी आगाऊपणा करणं, लगट करणं. तुमच्या वाक्यात 'विथ' नसतं म्हणून गैरसमज टळतो, पण पलीकडचा माणूस हसू दाबत असतो. 'फ्रेशन अप' म्हणा.

जागा आली की पोचणे, हे सोपं आहे. 'गॉट टु ठाणे', पण 'गॉट होम', 'गॉट हिअर'. घर आणि इथे-तिथे यांना 'टु' लागत नाही. वाहनांचं थोडं सविस्तर सांगते. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन' आणि 'ऑफ': लोकल, बस, विमान, बोट. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला 'इन' आणि 'आउट': कार, टॅक्सी, रिक्षा. बाइक आणि घोडा यांवर टांग टाकून बसायचं, त्यांनाही 'ऑन-ऑफ'. आपलं लाडकं 'गेट डाउन' यात कुठेच नाही. आपल्याकडे डब्यात 'आर यू गेटिंग डाउन अॅट ठाणे?' विचारलं तर कोणाला खटकत नाही, आणि ते चूक आहे असंही मी म्हणणार नाही. भारतीय इंग्रजीत ते रुळलंय. पण लंडनच्या गाडीत 'गेट डाउन' ऐकलं तर माणसं खाली वाकतील. तिकडे शिडीवरून, झाडावरून उतरायला 'गेट डाउन', आणि धोका असला की 'खाली वाका' अशा अर्थाने. म्हणून दोन्ही येऊ द्या आणि समोर कोण आहे ते बघून वापरा.

आता 'गेट'चा तो वापर, ज्यासाठी मराठी माणसाला खरं तर काहीच कष्ट पडायला नकोत आणि तरी सगळ्यात जास्त चुका होतात: करून घेणे. सोमवारी वर्गात कोणीतरी नवीन हेअरकट करून येतं. मी विचारते, 'काय केलंस?' उत्तर ठरलेलं: 'आय कट माय हेअर.' इंग्रजीत याचा अर्थ आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. मराठीत 'मी केस कापले' म्हटलं तरी कोणी असं समजत नाही, सलूनवाला गृहीत असतो. 'आम्ही घर रंगवलं' म्हणतो तेव्हाही शिडीवर पेंटर असतो. इंग्रजीत दुसऱ्याचा हात लागला असेल तर तो वाक्यात दिसला पाहिजे: 'आय गॉट माय हेअर कट.' वस्तू आधी, मग क्रियापदाचं तिसरं रूप. गंमत अशी की मराठीकडे यासाठी स्वतःचं, नेमकं साधन आहे. डोळे तपासून घेतले, झेरॉक्स काढून घेतली, ब्लाउज शिवून घेतला, गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. मनात मराठी वाक्य तयार होताना 'करून घेतलं' असं होतंय का एवढं बघा. होत असेल तर इंग्रजीत 'गॉट' अधिक वस्तू अधिक तिसरं रूप. 'गॉट माय आइज टेस्टेड', 'गॉट द ब्लाउज स्टिच्ड'. वर्गात मी आठवडाभर फक्त हेच घोटून घेते, कारण हे बसलं की ऐकणाऱ्याला लगेच फरक जाणवतो.

यात एक छान संदिग्धता आहे, तीही कामाला येते. 'आय विल गेट इट डन बाय इव्हनिंग' याचे दोन अर्थ होतात: मी करून टाकते, किंवा मी कोणाकडून तरी करून घेते. मराठीत 'टाकते' की 'घेते' हे निवडावंच लागतं, इंग्रजीत नाही. क्लायंटला काम संध्याकाळपर्यंत झालेलं हवं असतं, कोणी केलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून सपोर्टच्या कामात हे वाक्य सोन्यासारखं आहे. हाच साचा नकोशा गोष्टींनाही चालतो: लोकलच्या गर्दीत 'आय गॉट माय बॅग स्टक इन द डोअर'. बॅग कोणी मुद्दाम अडकवून घेत नाही, तरी रचना तीच.

करून घेणे झालं, आता करायला लावणे. 'आय गॉट हिम टु साइन.' इथे 'टु' लागतो. 'मेक' वापरलं तर लागत नाही: 'आय मेड हिम साइन.' अर्थही बदलतो. 'मेड'मध्ये त्याच्यापुढे पर्याय नव्हता. 'गॉट'मध्ये समजावून, गोड बोलून, दोनदा चहा पाजून सही मिळवली. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून ना हरकत दाखला मिळवणं हे 'गॉट हिम टु', 'मेड हिम' नव्हे.

आणि 'गेट टु' पुढे क्रियापद, म्हणजे 'बसायला मिळालं'. हे मला फार आवडतं, कारण जगातल्या बऱ्याच भाषांच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं आणि आपल्याला ते आयतं मिळालंय. बसायला मिळालं, बघायला मिळालं, बोलायला मिळालं नाही: 'गॉट टु सिट', 'गॉट टु सी', 'डिडन्ट गेट टु स्पीक'. संधी मिळाली, हक्काची नव्हती, हा सूरही दोन्हीकडे तोच. 'आय गॉट चान्स टु सिट' असं लांबण लावायची गरज नाही. आणि लावायचंच असेल तर 'अ चान्स' म्हणा. फक्त 'आय हॅव गॉट टु' याच्याशी गल्लत नको. तिथे 'हॅव' आलं की सक्ती: 'आय हॅव गॉट टु गो', जायलाच हवं. आणि क्रियापदाऐवजी नाम आलं तर 'हॅव गॉट' म्हणजे नुसतं असणे: 'आय हॅव गॉट टू किड्स', मला दोन मुलं आहेत. 'गॉटा' असं मेलमध्ये लिहू नका, ते तोंडी आहे.

'गॉट' पुढे नुसतं तिसरं रूप आलं, वस्तू नसली, तर आपलं कर्मणी: 'माय फोन गॉट स्टोलन', 'ही गॉट फायर्ड'. 'वॉज'ही चालतं, पण 'गॉट'मध्ये अचानक घडलं, अंगावर आलं अशी छटा येते. औपचारिक अहवालात 'वॉज' बरं.

समजण्याच्या अर्थाचं 'गेट' आपल्याकडे बिघडलंय. 'आय अॅम नॉट गेटिंग यू' हे फोनवर रोज ऐकू येतं. समजणे या अर्थी 'गेट'ला सहसा 'आयएनजी' लावत नाहीत. 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट' म्हणा. आणि 'डिड यू गेट मी?' असं ग्राहकाला कधीच विचारू नका. मराठीत 'कळलं का?' हे कोणत्या स्वरात म्हटलं त्यावर ठरतं, तसं त्याचं आहे, आणि फोनवर स्वर नेहमी वाईटच पोचतो.

'गेट'ला छोटे शब्द चिकटून होणाऱ्या जोड्या याद्या करून पाठ केल्या तर आठवड्यात उडून जातात. त्याऐवजी प्रत्येकीला तुमच्या तोंडातलं मराठी जोडा. फोन लागला नाही: 'कुडन्ट गेट थ्रू'. माझं तिच्याशी पटतं: 'वी गेट अलाँग'. एवढ्या पगारात भागतं: 'वी गेट बाय'. त्याला खपून गेलं: 'ही गॉट अवे विथ इट'. हात बसला: 'गॉट द हँग ऑफ इट'. डोक्यात जातो: 'गेट्स ऑन माय नर्व्हज'. एकदाचं उरकून टाकू या: 'लेट्स गेट इट ओव्हर विथ'. तुला म्हणायचंय काय?: 'व्हॉट आर यू गेटिंग अॅट?' आणि माझी आवडती: माळ्यावरचं सामान काढायला अजून मुहूर्त लागला नाही, 'आय हॅवन्ट गॉट राउंड टु इट'. 'राउंड'च्या जागी अमेरिकन लोक 'अराउंड' म्हणतात. 'गेट अप' आणि 'वेक अप' यांत मात्र गोंधळ नको: जाग येणे 'वेक अप', अंथरुणातून बाहेर येणे 'गेट अप'. या दोहोंमध्ये किती वेळ जातो ते ज्याचं त्याला माहीत.

अमेरिकन क्लायंट असतील तर 'गॉटन' ऐकू येईल. त्यात चूक नाही. तिसरं रूप ब्रिटिश इंग्रजीत 'गॉट', अमेरिकन इंग्रजीत बहुधा 'गॉटन'. 'गॉटन' हे अमेरिकनांनी नव्याने काढलेलं नाही, जुनंच रूप आहे. इंग्लंडमध्ये ते मागे पडलं, तिकडे टिकलं. 'इल-गॉटन' या शब्दात ते ब्रिटिशांकडेही शिल्लक आहे. अमेरिकन माणूस 'आय हॅव गॉट अ कार' म्हणाला तर गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणाला तर नुकतीच घेतली. तुम्ही ऐकताना दोन्ही ओळखा, बोलताना 'गॉट'वर राहिलात तरी बिघडत नाही. मूळ शब्दही इंग्रजांचा स्वतःचा नव्हे: उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये वस्ती करून राहिलेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून तो आला. 'टेक' (घेणे) आणि 'दे' (म्हणजे 'ते सगळे') हे शब्दही तिथलेच. राज्य करणाऱ्यांची भाषा असली की फक्त दरबारी शब्द येतात असं नाही. शेजारी राहायला आलेल्यांचे असे चुलीजवळचे शब्द येतात. आपल्याकडे फारसीने दोन्ही दिलेत, तो विषय वेगळा.

आता टीम लीड. तिचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही प्रश्नाबरोबर जो मेल पाठवलाय त्याचा मजकूर असा: 'आय गॉट युवर मेल. आय अॅम गेटिंग सेम एरर. आय विल गेट इट चेक्ड अँड गेट बॅक टु यू.' व्याकरणाची चूक एकच, 'सेम'च्या आधी 'द' हवा. पण तीन वाक्यांत चार 'गेट' आलीत, आणि वाचणाऱ्याला मेल घाईत लिहिल्यासारखा वाटतो. मी असा करीन: 'थँक यू फॉर युवर ईमेल. आय अॅम सीइंग द सेम एरर. आय विल हॅव इट चेक्ड अँड गेट बॅक टु यू बाय सिक्स पीएम.' पहिलं 'गेट' गेलं, कारण मेल मिळाला हे उत्तर लिहिलंत त्यातच आलं. दुसऱ्याच्या जागी 'सी'. तिसऱ्याच्या जागी 'हॅव', अर्थ तोच, कपडे जरा इस्त्रीचे. चौथं ठेवलं. 'गेट बॅक टु यू' जगभरच्या ऑफिसांत चालतं, त्याला खोडणं हा सोवळेपणा झाला. उलट वेळ दिली नव्हती ती घातली, ग्राहकाला तीच हवी असते.

करारपत्र, नोकरीचा अर्ज, महापालिकेला किंवा बँकेला लिहिलेलं पत्र यांत 'गेट'ऐवजी 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम', 'रीच' वापरा. तिथे टीम लीडचा लाल पेन चालू द्या. मात्र हे शब्द बोलण्यात आणू नका. 'आय ऑब्टेन्ड अ सीट इन द लोकल' असं कोणी म्हणालं तर त्याने सीटसाठी अर्ज केला होता असं वाटतं. क्लायंटशी फोनवर बोलताना क्लायंटचं ऐका, लिहिताना टीम लीडचं, आणि चॅट सपोर्टला बसलात तर फोनसारखंच लिहा, कारण चॅट हे हाताने केलेलं बोलणंच आहे. टीम लीडने तिथेही खोडलं तर तिला विचारा, की या वाक्यात 'गेट'च्या उजवीकडे काय आहे आणि त्याच्या जागी ती काय लिहिणार. बहुतेक वेळा ती दोन मिनिटं विचार करून 'राहू दे' म्हणेल.